सुलभाकाकूंचा उजवा कान

सुलभाकाकूंचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये लाकडी कुंपण आहे. त्या कुंपणाच्या दोन फळ्या काकूंनी फार पूर्वीच स्वतःच्या हाताने काढून टाकल्या. पुढच्या दाराने माझ्याकडे यायचं तर बूट घालावे लागतात, मागून चपलांवर येता येतं, हे त्यांचं कारण. आमच्या वस्तीच्या असोसिएशनने दोनदा हरकत घेतली. दोन्ही वेळा काकूंनी "मला ऐकू आलं नाही" असं कळवून टाकलं. हरकत ईमेलने आली होती, तरीही.

मी स्वभावाने फटकळ आहे. अमेरिकेतल्या आमच्या या कॅरी गावातल्या निम्म्या मराठी बायका माझ्यापासून चार हात लांब राहतात आणि उरलेल्या निम्म्यांपासून मी. पण काकूंच्या बाबतीत माझं काही चालत नाही. मी चिडून काही बोलायला लागले की त्या मान फिरवून डावा कान माझ्याकडे करतात. डावा कान लहानपणीच गेलेला, मिरजेला, गालगुंडाच्या तापात. त्या कानाशी जगातलं कुठलंही भांडण होऊ शकत नाही.

सगळं आयुष्य त्यांनी उजव्या कानावर काढलं. लग्न, अमेरिका, इथल्या औषधांच्या कंपनीतली केमिस्टची नोकरी, दोन मुलं, सगळं एका कानाने. कुठेही गेल्या की आधी त्या जागा हेरायच्या. पाठीशी भिंत आणि उजवीकडे माणसं. मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतली डावीकडची टोकाची खुर्ची त्यांची, हे सगळ्यांना माहीत होतं. मग सत्तरीच्या आसपास उजवा कानही दगा द्यायला लागला. कानातलं मशीन दरवर्षी आधीपेक्षा ताकदवान येई आणि दरवर्षी ते कमी पडे. आम्ही मोठ्यांदा बोलायचो, दोनदा बोलायचो, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "जाऊ दे काकू, काही विशेष नाही" म्हणून मोकळे व्हायचो. ऐकू न येणाऱ्या माणसाला याहून लागणारं वाक्य दुसरं नसेल. मीही ते म्हटलेलं आहे.

मागच्या वसंतात डॉक्टरांनी सांगितलं की आता मशीनचा उपयोग नाही, कानाच्या आत इम्प्लांट बसवायला हवं. जानेवारीत ऑपरेशन करू. त्यानंतर यंत्रातून ऐकू येईल, सुरुवातीला पत्र्यासारखं, मग मेंदूला सवय होत जाईल. पण त्या कानात जे काही उरलंसुरलं मूळचं ऐकणं आहे ते बहुधा जाईल. कायमचं.

काकूंनी शांतपणे मान डोलावली. घरी आल्या, चपला घातल्या, कुंपणातून माझ्याकडे आल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून म्हणाल्या, "गिरिजा, कान जाण्याआधी मला या कानाने एक आवाज ऐकायचाय. माझ्या स्वतःच्या कानाने. पण तो असा हवा की मला 'काय?' म्हणून विचारावं लागणार नाही."

"ढोलताशा ऐका," मी म्हटलं. "अटलांटाला पथक आहे."

"मी व्हिक्टोरिया फॉल्सला जाणार आहे. आरोही तिकडेच आहे."

आरोही म्हणजे काकूंची नात, अ‍ॅशबर्नला राहणाऱ्या त्यांच्या मुलाची, सत्यजितची मुलगी. कॉलेज संपल्यावर तिने पाठीवर पिशवी टाकली आणि आफ्रिकेत निघून गेली. मलावीत कुठल्याशा शाळेत शिकवत होती आणि पुढे झांबिया करत खाली उतरायचा तिचा बेत होता. तिचं आणि आजीचं फोनवरचं बोलणं मी ऐकलेलं आहे. आजी विचारणार, नात इंग्रजीत उत्तर देणार, आजी "काय?" म्हणणार, नात पुन्हा सांगणार, आजी पुन्हा "काय?" म्हणणार, आणि मग नात म्हणणार, "नेव्हर माइंड, आजी. लव्ह यू." पोरगी वाईट नाही. पण ती भराभर बोलते आणि तिचा आवाज बारीक आहे. काकूंच्या कानात जे बारीक आवाज आधी मेले त्यात नातीचा आवाजही गेला. जाडे आवाज अजून येत होते. मेघगर्जना, लॉनचं मशीन, नवऱ्याचं, म्हणजे जगन्नाथकाकांचं, घोरणं. धबधब्याची निवड त्यांनी हा सगळा हिशेब करूनच केली होती.

सत्यजितने मला फोन केला. "गिरिजा, आई ऐकत नाहीये."

"ते तर माहीतच आहे."

"जोक नको ना, यार. ती हॉस्टेलमध्ये राहणार म्हणते. बंक बेड. बाबांचे गुडघे हे असे, ते जाऊ शकत नाहीत. तू जाशील का बरोबर?"

मला कॅम्पिंग आवडत नाही, सामायिक बाथरूम आवडत नाही आणि 'अ‍ॅडव्हेंचर' हा शब्द वापरणारी माणसं तर मुळीच आवडत नाहीत. तरी मी हो म्हटलं. सुलभाकाकू एकट्या पाठीवर पिशवी घेऊन आफ्रिकेत हिंडतायत आणि मी इथे मीटिंगा करते आहे, हे चित्र मला सहन झालं नसतं.

काकूंची तयारी बघण्यासारखी होती. पिशवीत तांदळाची गोण घालून त्या रोज सकाळी ट्रेलवर चालायला जायच्या. वजन कशाचंही चाललं असतं, पण "घरात जड असे तांदूळच आहेत" म्हणायच्या. एकदा एका भल्या बाईने त्यांना घर नाही असं समजून गाडी थांबवली आणि शेल्टरला सोडू का विचारलं. काकूंना ती काय विचारते ते कळलं नाही. चांगली बाई दिसली म्हणून त्या गाडीत बसल्या. शेवटी त्यांना आणायला मी गेले.

तारखा ठरल्या काकूंच्या घरामागच्या लाकडी डेकवर, जुलैत. जगन्नाथकाका निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, आयुष्यभर त्यांनी गावोगावच्या पावसाच्या पाण्याचे निचरे डिझाइन केलेले. "पाण्याचं मला सांगू नका," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते म्हणाले, "धबधबा बघायचा तर पाऊस संपता संपता. नदी भरलेली असते, आकाश मोकळं असतं, पायवाटा वाळलेल्या असतात. आंबोलीला आपण नेहमी असंच जायचो. दसरा झाला की निघा आणि दिवाळीच्या आत परत या."

सगळ्यांना पटलं. त्या डेकवर त्या दिवशी दोन पीएचडी होते, एक हृदयरोगतज्ज्ञ होता, आणि मी होते, जी स्वतःला फार हुशार समजते. भजी खात खात आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पाऊस संपला की ऑक्टोबर, हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं आहे की आणखी काही तपासावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. तिकिटं काढली आणि आरोहीला तारखा कळवून टाकल्या.

दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर आम्ही निघालो. अटलांटा, जोहान्सबर्ग, आणि तिथून लहान विमानाने झांबियातलं लिव्हिंग्स्टन. काकूंच्या पिशवीत भाजणी, मेतकूट, सांडगी मिरच्या आणि मशीनच्या बॅटऱ्या. माझ्या पिशवीत मुख्यतः औषधं आणि नाराजी. विमानातून उतरताच उकाड्याने अंग भाजलं. आरोही घ्यायला आली होती, उन्हाने काळवंडलेली, गुडघ्यावर खरचटलेली, छान दिसत होती. तिने आजीला उचलूनच घेतलं. मग टॅक्सीत बसल्यावर मला म्हणाली, "मावशी, यू गाइज नो इट्स ड्राय सीझन, राइट?"

"म्हणजे?"

"म्हणजे, फॉल्समध्ये वॉटर खूप कमी आहे. या साइडला तर ऑलमोस्ट ड्राय. मला वाटलं तुम्हाला माहितीये. आजोबांनी डेट्स दिल्या ना?"

"पण पावसाळा संपला ना?" मी म्हटलं.

"मावशी, तो अजून स्टार्टच नाही झाला. नोव्हेंबरमध्ये होतो इथे. फॉल्स फुल असतात एप्रिलमध्ये."

मी बाहेर बघितलं. रस्त्याकडेची झाडं निष्पर्ण, जमीन विटकरी रंगाची. आपण पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात आलो आहोत ही गोष्ट इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही सुचली नव्हती. मला काकांना तिथल्या तिथे फोन लावून चार शब्द सुनावावेसे वाटले. काकू आमच्या तोंडांकडे बघत होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मग मीच त्यांच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं. सांगताना मला इतकं वाईट वाटलं की माझा आवाज नीट निघेना आणि त्यांना सगळं दोनदा ऐकावं लागलं.

त्यांनी हॉस्टेलवर पोचल्यावर पिशवी उघडली, सामायिक स्वयंपाकघरात जाऊन भाजणी भिजवली आणि तिथे असलेल्या सगळ्या पोरापोरींना थालीपीठं करून घातली. दोन जर्मन मुलं, एक ब्राझीलची मुलगी, आणखी कोण कोण. बोटं चाटून खाल्लं सगळ्यांनी. काकू दुःखात असल्या की अशाच रांधतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही झांबियाच्या बाजूने धबधब्यावर गेलो. पलीकडे झिंबाब्वेच्या बाजूला थोडं पाणी असतं, पण तिथला बेत नंतरच्या दिवशीचा होता. आरोही म्हणाली, आधी तिकडेच जाऊ. काकू म्हणाल्या, नाही, ठरलंय तसं करू. मला वाटतं, जे वाईट आहे ते त्यांना आधी बघून टाकायचं होतं.

आणि ते वाईट होतं. समोर काळ्या खडकाची भिंत, नजर पोचेल तिथपर्यंत लांब, आणि खाली खोल दरी. पाणी म्हणाल तर एका कोपऱ्यात एक बारीक धार, आमच्या घरी बागेचा नळ नीट बंद केला नाही तर येते तेवढी. बाकी नुसती शांतता. इथली माणसं या धबधब्याला 'गरजणारा धूर' म्हणतात असं फलकावर लिहिलं होतं. धूर नव्हता आणि गर्जनाही नव्हती.

काकू कठड्याशी उभ्या राहिल्या. त्यांनी उजवा कान दरीकडे केला, डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "मी एवढ्या लांब आले गं, गिरिजा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं आणि मला काय करावं ते कळेना. राग यायचा तर कुणाचा यायचा? नुसता हात धरला.

आरोहीने एक गाइड गाठला. पाणी नसलं की वरच्या खडकांवरून, जिथून एरवी नदी खाली झेपावते तिथून, चालत जाता येतं. तो आम्हाला कडेपासून बरंच आत, सपाट खडकांवर घेऊन गेला. तापलेले, गुळगुळीत खडक, मधूनमधून साचलेली डबकी. काकू पाठीवर पिशवी घेऊन अशा टणाटण चालत होत्या की त्या तांदळाच्या गोणीचं सार्थक झालं. मीच धापा टाकत होते. मोठ्या खडकाच्या सावलीत आम्ही बसलो. काकूंच्या कानातल्या मशीनचा बारीक घर्रघर्र आवाजसुद्धा मला ऐकू यावा इतकी तिथे शांतता होती. एसी नाही, फ्रिज नाही, गाड्या नाहीत, टीव्ही नाही, चार जणांचं एकदम बोलणं नाही.

काकूंनी आरोहीला आपल्या उजवीकडे बसवलं. "तू मलावीत काय करायचीस गं?" त्यांनी विचारलं. फोनवर हे त्यांनी पन्नास वेळा विचारलं असेल.

आरोहीने सुरुवात केली. आधी मोठ्यांदा, एकेक शब्द तोडून, आपण बहिऱ्या माणसाशी बोलतो तसं. काकू म्हणाल्या, "ओरडू नकोस. मला येतंय ऐकू." आरोही थांबली. मग तिने नेहमीच्या आवाजात सांगायला घेतलं. शाळेला छप्पर नव्हतं ते, मुलं तिला 'आरोही' न म्हणता काय म्हणायची ते, तिला मलेरिया झाला होता आणि तिने तो घरी कुणालाही कळू दिला नव्हता ते. मराठी शब्द सापडला नाही की इंग्रजी, इंग्रजीवर आजी अडली की पुन्हा मराठी. "मला मेडिकलला जायचंय की नाही, आय डोन्ट नो, आजी. बाबाला सांगू नको हं."

"नाही सांगत," काकू म्हणाल्या.

हे आपण ऐकायचं नाही, एवढं मला कळलं. मी पाण्याची बाटली घेऊन गाइडबरोबर जरा लांब जाऊन बसले. तेवढ्यात एका बबून माकडाने माझी पिशवी पळवली आणि काकूंनी सकाळी तिच्यात कोंबलेली सांडगी मिरच्यांची पुडी फोडून त्यातली एक मिरची खाल्ली. पुढे त्याचं जे झालं त्याबद्दल मला काहीही वाईट वाटलेलं नाही. पण माझी नजर पुन्हा पुन्हा त्या दोघींकडे जात होती. ऊन चढलं, सावली सरकली, त्या सावलीबरोबर सरकल्या आणि बोलत राहिल्या. काकूंनी एकदाही कानामागे हात नेला नाही. एकदाही त्यांचा तो ताणलेला, दुसऱ्याचे ओठ शोधणारा चेहरा झाला नाही. त्या डबक्याकडे बघत ऐकत होत्या. बघत एकीकडे आणि ऐकत दुसरीकडे, असं मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी त्या बबूनला माफ केलं.

पुढच्या दिवशी आम्ही पूल ओलांडून झिंबाब्वेत गेलो. पुलावरच पायाखाली कंप जाणवायला लागला. तिथे पाणी होतं, ऑक्टोबर असूनही चांगलं दणदणीत. झाडीतून बाहेर आलो आणि तुषारांनी क्षणात भिजलो. काकूंनी मशीन काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि नुसता कान घेऊन कठड्याशी गेल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. हे तरी व्हावं, असं मी कुणाकडे मागत होते कोण जाणे. मी एरवी कुणाकडे काही मागत नाही.

काकू वळल्या आणि त्यांनी मान डोलावली. हो. येतोय. छातीवर हात ठेवून त्यांनी दाखवलं, इथेही येतोय. त्या हसत होत्या आणि चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं. आरोहीने मला मिठी मारली. आम्ही दोघी एकमेकींना काहीतरी सांगत होतो आणि त्या गदारोळात दोघींनाही काही कळत नव्हतं.

आता काकू इथून हलणार नाहीत असं धरून मी बाकावर पंचा पसरला. पण थोड्याच वेळात त्या माझ्याजवळ आल्या. दुसऱ्याच्या घरची आमटी चाखून म्हणावं तसं म्हणाल्या, "छान आहे." मग म्हणाल्या, "पण हा काय, सगळ्यांनाच ऐकू येतो. चला, कुठेतरी शांत जागी बसू. आरोहीचं कालचं अर्धं राहिलंय."

दिवाळीच्या आत आम्ही परत आलो. काकांना दरवाजातच मी पावसाळ्यावरून जे बोलायचं ते बोलून घेतलं. "पाण्याचं मला सांगू नका," ते म्हणाले, पण सवयीने, जोर नव्हता. आरोहीही डिसेंबरात आली आणि अ‍ॅशबर्नला न राहता कॅरीत आजीकडे राहिली. रोज सकाळी स्वयंपाकघरात डिशवॉशर बंद, टीव्ही बंद, पंखा बंद, आणि दोघी टेबलाशी. मला कुंपणातून जायला बंदी होती. मी जायचे, पण चपला काढून, पाय न वाजवता.

जानेवारीत ऑपरेशनचा दिवस आला. सत्यजित आदल्या दिवशीच आला होता. काकूंना मी माझ्या गाडीतून पुढे नेलं, बाकीची तिघं त्याच्या गाडीतून मागून आली. हॉस्पिटलमध्ये आत दोघांनाच सोडत होते. काका मला म्हणाले, "तू जा आरोहीबरोबर. माझं पहाटेपासून बोलून झालंय तिच्याशी. आता गेलो तर रडेन आणि तिला नीट ऐकू येणार नाही."

काकू निळा गाउन घालून पलंगावर बसल्या होत्या. कानाच्या मागचे केस काढलेले, त्यामुळे एकदम लहान दिसत होत्या. नर्स आली आणि म्हणाली, आता मशीन काढून द्या. काकूंनी कानावर हात ठेवला. "वन मिनिट," त्या नर्सला म्हणाल्या. मग आरोहीकडे वळल्या.

"बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मला भाषण नकोय."

आरोहीने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली, कारण माझे डोळे वाहायला लागले होते. मग ती पलंगाच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि आजीच्या कानाशी वाकून, आवाज न चढवता म्हणाली, "आजी, सकाळी ना, गाडीवर इतका आइस होता. बाबाला स्क्रेपरच नाही मिळाला. मग त्याने किचनमधून तुझा उलथना नेला. तो डोश्याचा."

"कुठला? नवा?"

"हो. आणि तो वाकला. मग बाबाने तो परत ड्रॉवरमध्ये ठेवला, अगदी खाली, तुला दिसू नये म्हणून. मी बघितलं."

काकू हसल्या. "मग?"

आरोही सांगत राहिली. बाबाने मग क्रेडिट कार्डाने कसं खरवडलं, आजोबा गाडीत बसून सूचना कशा देत होते, वाटेत ते दोघे कशावरून भांडले. नर्स दाराशी उभी होती. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तिने घाई केली नाही. सगळं सांगून झाल्यावर काकू म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." मग त्यांनी स्वतःच्या हाताने मशीन काढलं आणि आरोहीच्या तळहातावर ठेवलं.